रिपोर्ट चांगले, तरी कशातच जीव लागत नाही

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ६३, सेलू तालुक्यातल्या खेड्यात राहतो, थोडी शेती आहे. महाशिवरात्रीच्या आधी संभाजीनगरला माझी बायपास झाली. तीन ठिकाणी जोड दिलेत. आता अडीच महिने होत आले. इको चांगला आला, डॉक्टर म्हणतात, 'गुरुजी, एकदम फिट.' पण मला बरं वाटत नाही. दिवसभर बाजेवर पडून असतो आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एवढ्या-तेवढ्यावरून रडू येतं. छाती डावीकडे बधिर, एका पायाला सूज. परवा नातवाला सतराचा पाढा सांगताना मध्येच अडकलो, आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस मी! मुलानं मोटारसायकलची चावी लपवून ठेवलीय, मंडळी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. भेटायला माणसं रोज येतात. कोणी म्हणतं भाकरी सोडा, कोणी म्हणतं कोलेस्टेरॉलची गोळी सोडून अर्जुनसालीचा काढा घ्या. कशाला वाचलो, असं वाटतं कधीकधी. मृगापर्यंत शेतात जाता येईल का?

गुरुजी, नमस्कार.

सगळ्याला उत्तर देते, पण क्रम माझा. 'कशाला वाचलो' हे वाक्य तुम्ही काढा आणि मृग यांच्या मध्ये घालून टाकलंय, जाता जाता लिहिल्यासारखं. मी तिथूनच सुरू करते. हा विचार कधीतरी येऊन जातो की रोज येतो, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं इथपर्यंत पोचतो का, हे पत्रावरून मला कळत नाही. तसं होत असेल तर पुढचं वाचत बसू नका. काकूंना किंवा मुलाला आत्ता हाक मारा आणि सांगा. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली-मानस सेवेचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

तसं नसलं तरीही हे डॉक्टरांच्या कानावर घालायचंच आहे. बायपासनंतर मन खचणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की साधारण पाचांत एकाला तरी उपचार घ्यावेत एवढं नैराश्य येतं. त्याहून सौम्य उदासी तर कितीतरी जणांना येते. पण ओपीडीत मोठे डॉक्टर विचारतात, 'काय गुरुजी, कसं काय?' आणि आपला माणूस 'बरंय साहेब' म्हणून फाईल घेऊन बाहेर येतो. इकोत हे दिसत नाही, ते तुम्हीच सांगायला हवं. लाज वाटत असेल तर या पत्राचा कागद पुढे करा. खचलेला माणूस चालत नाही, नीट जेवत नाही, गोळ्या चुकवतो आणि मग हृदयालाही त्याचा फटका बसतो. म्हणून याला मनाचं दुखणं म्हणून बाजूला टाकता येत नाही.

डॉक्टर बहुधा आधी रक्त तपासतील, आणि नाही म्हणाले तर तुम्ही विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, नंतर कित्येक आठवडे हिमोग्लोबिन कमी राहतं, आणि त्यानं माणूस बसल्या जागी गळून जातो. तुमच्या चिठ्ठीत मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी असेल तर काहींना तिनंही मरगळ येते. डोस बदलता येतो, पण ते डॉक्टरांनी करायचं. ही गोळी एकदम बंद केली तर ठोके आणि बीपी उसळतात. मानसोपचाराची गोळी लागलीच, तर हृदयाच्या रुग्णाला चालणाऱ्या गोळ्या आहेत. फक्त त्या डॉक्टरांना तुमची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आठवणीनं दाखवा, कारण त्यातल्या काही गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

आता अंगाकडे येऊ. तुमच्यावर नेमकं काय केलं हे बहुतेक घरांत कोणी धड सांगितलेलं नसतं. 'छाती फाडली' एवढंच सगळ्यांना ठाऊक, आणि त्या दोन शब्दांनीच निम्मी भीती घातलेली असते. छातीच्या मधलं उभं हाड कापतात, काम झालं की स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. त्या तारा आतच राहतात, काढायच्या नसतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला साधारण १२. म्हणजे तुमचं हाड बरंचसं धरलेलं आहे.

डावीकडचा बधिरपणाही त्यातलाच. छातीच्या आतल्या भिंतीवरून एक धमनी खाली येते, ती बहुतेक वेळा डावीकडचीच सोडवून हृदयाला जोडतात. ती सोडवताना त्वचेच्या बारीक नसा दुखावतात. सदरा घासला तरी तिथं चमत्कारिक वाटतं, मुंग्या येतात, चरचरतं. हे महिनोन्‌महिने चालतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. हा हार्ट अटॅक नव्हे. बाकीच्या जोडांसाठी पायातली शीर काढतात. सूज त्याच पायाला असेल तर कारण तेच. पण त्यात तुमची बाजही हात धुऊन घेतेय. बाजेच्या कडेला पाय सोडून बसलं की लाकडी कड गुडघ्यामागे रुतते आणि पाय दिवसभर लोंबकळत राहतो. खुर्चीत बसा, समोर स्टुलावर उशी ठेवून पाय वर घ्या. सैल, झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना माणूस दोन्ही हातांनी कड ओढून छातीवर जोर देतो, ते वेगळंच. दिवाण किंवा लाकडी पलंग बरा. उठायचं ते आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, मग कोपराच्या आधारानं. आणि हो, कुशीवर झोपायला आता हरकत नाही. खोकला आला तर उशी छातीशी धरायची सवय मात्र अजून काही दिवस ठेवा.

पाढ्याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, हे अक्षरावरूनच कळतं. त्या ओळीला पेन कागदात रुतलंय. गुरुजी, बायपासनंतरच्या पहिल्या महिन्यांत नावं न आठवणं, पेपरातली बातमी अर्ध्यात सुटणं, हिशेब चुकणं हे पुष्कळांना होतं, आणि बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत पूर्वपदावर येतं. हृदय थांबवून मशीनवर ठेवतात त्यानंच डोक्यावर परिणाम होतो, असं लोक म्हणतात. पण हृदय चालू ठेवून केलेल्या बायपासनंतरही असा त्रास होतो, म्हणजे खापर एकट्या मशीनवर फोडता येत नाही. भूल, आयसीयूतली जागरणं, दुखणं, रक्त कमी होणं, उदास मन, सगळं मिळून होतं. त्यात तुम्ही रात्री तीन-चार तास झोपत असाल तर पाढा कुठून आठवणार? एकदम बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाढ्याचा विचार करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

रात्रीची झोप दिवसा बाजेवर खर्च होते, एवढं साधं आहे ते. दुपारी अर्धा तास पडा, तोही तीनच्या आत. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर ती सकाळी घ्यायची आहे का, हे विचारून घ्या. भयानक स्वप्नं पडत असतील तर तीही या काळात पडतात, त्यात देवाधर्माचं काही राहून गेलेलं नाही.

मुख्य औषध मात्र अजून सुरूच झालेलं नाही, ते म्हणजे चालणं. तुमच्या घरच्यांनी मायेनं तुम्हाला बाजेवर बसवून ठेवलंय आणि त्या मायेचाच आता त्रास होतोय. अडीच महिने आडवा पडलेला ठणठणीत माणूससुद्धा चार पावलांत धापा टाकेल. सध्या मे महिना आहे, आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, म्हणून उजाडायला निघायचं आणि सात-साडेसातच्या आत घरात. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत, जाऊन-येऊन दहा मिनिटं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा दहा. दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. महिनाभरात सलग अर्धा तास व्हायला हरकत नाही. वेग किती? चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. नाडी मोजत बसू नका, ठोक्याची गोळी नाडी दाबून ठेवते, त्यामुळे तो हिशेब चुकतो. पोटभर जेवल्यावर लगेच चालायचं नाही. बीपीच्या गोळ्या आणि घाम, या दोन्हींमुळे एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा उठल्यावर घटकाभर थांबून मगच पाऊल टाका. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर पाण्याला हात आखडता घेऊ नका.

शहरात यासाठी कार्डिॲक रिहॅब असतं. फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम वाढवत नेतात, आणि त्यानं पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ कमी येते हे सिद्ध झालेलं आहे. खेड्यातून रोज जाणं होणार नाही, मान्य. पण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एकदा फिजिओथेरपीत बसून खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम शिकून या. छाती जपायच्या नादात माणूस पोक काढून चालतो, मग खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये पाठ दुखते आणि तेही हृदयाच्या खात्यावर जातं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं असेल तर फॉलो-अपमध्ये काय-काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता भेटायला येणारे. यांच्यावर माझा जरा रागच आहे. हातात बिस्किटांचे पुडे आणि तोंडात कोणाच्या तरी साडूची गोष्ट: 'त्याचीबी बायपासच झाली होती. चांगला हिंडत-फिरत होता. सहा महिन्यांत गेला.' मग चहा होतो, आणि ऑपरेशनची सगळी कथा तुम्ही पहिल्यापासून पुन्हा सांगता. दिवसातून चार वेळा छाती पुन्हा उघडली जाते. काकू चहाच्या भांड्यांत, तुम्ही उशीला टेकून. माणूस तोडा असं मी म्हणणार नाही, खेड्यात ते होत नाही आणि होऊही नये. एक करा. भेटायची वेळ संध्याकाळची ठेवा, आणि जो येईल त्याला बसवून घ्यायच्या ऐवजी सोबत चालायला न्या. 'चला, पारापर्यंत बोलत जाऊ.' ज्याला खरंच तुमची काळजी आहे तो येईल. साडूची गोष्ट सांगणारा दोन दिवसांत यायचा थांबेल.

काकू, हे तुमच्यासाठी. तुम्ही रात्री यांचा श्वास ऐकत जाग्या असता, हे पत्रात नाही पण मला माहीत आहे, बहुतेक घरांत तसंच असतं. तांब्या उचलू द्या. सदरा, चप्पल, पाणी, गोळ्यांचा डबा त्यांचा त्यांना घेऊ द्या. पाच किलोपर्यंतचं ओझं आता बहुधा चालेल, पुढच्या तपासणीत विचारून पक्कं करा. भरलेली घागर, गव्हाचं पोतं, आवळून बसलेलं दार हिसका देऊन ओढणं हे अजून नको. आणि तुम्हीही एखादी दुपार झोपा, बीपी तपासून घ्या. मुलालाही सांगा, चावी लपवायची गरज नाही. हाड धरलं असं सर्जननं सांगितलं की गावातल्या गावात गाडी चालवता येते. किक मात्र त्यानं मारून द्यावी, बटण-स्टार्ट असेल तर प्रश्नच मिटला. गावातली चार पोरं ओट्यावर बसवून गुरुजींना रोज अर्धा तास गणित शिकवू द्या. अडकले तर अडकले, पोरं सांगतील पुढचं.

भाकरीनं काय घोडं मारलंय? ज्वारीची भाकरी, वरण, मूग-मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, चालत असेल तर अंडं. जखम आणि हाड भरून यायला डाळीसाळी लागतात, नुसत्या मुगाच्या पाण्यावर माणूस वाळतो. अडचण मिठाची आहे. दिवसभरात एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, त्यात सगळं आलं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे हे सणावारापुरतं. ठेचा खायचाच तर मीठ न घालता आणि बोटभर. सैंधवही मीठच आहे. तेल करडईचं असो की शेंगदाण्याचं, माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर नको. तंबाखूचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. चुना मळायची सवय असेल तर ती ऑपरेशनच्या दिवशी संपली असं समजा. मिसरीही त्यातच आली.

गोळी सोडायचा सल्ला देणाऱ्याला हे सांगा. शेतातला पाट गाळानं बुजला म्हणून शेजारून नवा पाट काढला, एवढंच बायपासमध्ये झालंय. गाळ आणणारं पाणी तेच आहे. छातीतून जोडलेली धमनी दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत चालू असते, पण पायाच्या शिरा तेवढ्या टिकत नाहीत, दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास निकामी होतात. त्या जास्त दिवस चालाव्यात म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी ती चालूच ठेवायची, नॉर्मल आलं ते तिच्यामुळेच. गोळीनं मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर सांगा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. अर्जुनसालीचा काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि गोळीच्या जागी मुळीच नाही.

काढ्याच्या ओळीनंतर एक ओळ तुम्ही लिहून खोडलीय. गुरुजी, खोडलेलं वाचता येतं. त्यात संकोचण्यासारखं काही नाही. भरभर चालून किंवा दोन मजले चढून छातीत दुखत नसेल, फार धाप लागत नसेल, तर आता पती-पत्नीच्या संबंधांना हरकत नसते. हातांवर आणि छातीवर भार येणार नाही एवढं बघायचं. इच्छाच होत नसेल तर उदासीनं आणि काही गोळ्यांनी तसं होतं, तेही डॉक्टरांना विचारा. मेडिकलवरून परस्पर 'तसली' गोळी आणायची नाही. छातीत कळ आली की जिभेखाली धरायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीसोबत ती पोटात गेली तर बीपी इतकं कोसळतं की जिवावर बेततं.

कशाला घाबरायचं तेही सांगते, म्हणजे बाकीच्याला घाबरणार नाही. छातीत ऑपरेशनआधी यायची तशी कळ किंवा दाब, ठोके वेडेवाकडे पडून चक्कर, आडवं पडलं की दम कोंडणं, हातपाय लुळे पडणं: सरळ १०८. जखमेतून पाणी किंवा पू, १००.४च्या वर ताप, श्वास घेताना छातीचं हाड करकरणं किंवा हलल्यासारखं वाटणं, एकाच पोटरीत नव्यानं कळ आणि वाढती सूज, एका दिवसात किलो-दीड किलो वजन वाढणं: त्याच दिवशी दवाखान्यात फोन. वजनकाटा घरात असू द्या, सकाळी चहाआधी उभं राहायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. हे काम नातवाला द्या.

राहिला मृग. ७ जूनपर्यंत तुमचे साडेतीन महिने होऊन जातील. तोवर सलग अर्धा तास चालणं जमलं आणि सर्जननं होकार दिला, तर खुशाल शेतात जा. पेरणीवर उभे राहा, बियाणं मोजून द्या, मजुरांचा हिशेब ठेवा. खताच्या पोत्याला हात लावायचा नाही, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून धक्के खात जायचं नाही आणि अकराच्या आत घरी परतायचं. सदऱ्याच्या खिशात एक कागद असू द्या: ऑपरेशनची तारीख, दवाखान्याचा नंबर, चालू गोळ्यांची नावं आणि मुलाचा मोबाईल. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिलेली असेल तर तीही त्याच खिशात. आणि शेतात फोनला रेंज कुठं मिळते, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.